‘व्हेन’ दिसला की क्रियाविशेषणवाक्य? मुळीच नाही

दहावीची परीक्षा जवळ आली की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत इंग्रजी व्याकरणाची एक युक्ती फिरू लागते: जोडशब्द बघा, गौण वाक्याचा, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या वाक्याचा, प्रकार कळेल. ‘दॅट’ असेल तर नामवाक्य (नामाचं काम करणारं), ‘हू-विच’ असेल तर विशेषणवाक्य (नामाविषयी सांगणारं), ‘व्हेन-इफ’ असेल तर क्रियाविशेषणवाक्य (क्रिया कधी, कोणत्या अटीवर ते सांगणारं). जोडशब्दच नसेल तर ते मिश्र वाक्य, म्हणजे मुख्य आणि गौण वाक्य मिळून झालेलं वाक्य, नव्हे. आणि ‘जरी-तरी’साठी ‘ऑलदो-बट’. यातलं एकही विधान धड टिकत नाही.

आधी ‘व्हेन’. चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरची ही दोन वाक्यं बघा: ‘आय विल कॉल यू व्हेन द फेरी कम्स’ आणि ‘आय डोन्ट नो व्हेन द फेरी विल कम’. पहिल्यात फोन कधी करणार ते सांगितलंय, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. दुसऱ्यात काय ठाऊक नाही ते सांगितलंय. ते ‘नो’चं कर्म, म्हणून नामवाक्य. शंका असेल तर गौण वाक्य काढून तिथे ‘इट’ घाला. ‘आय डोन्ट नो इट’ चालतं, ‘आय विल कॉल यू इट’ चालत नाही. हा भेद नुसता नाव देण्यापुरता नाही. पुढची वेळ सांगणाऱ्या क्रियाविशेषणवाक्यात ‘विल’ येत नाही, नामवाक्यात येतो. मराठीत ‘फेरी येईल तेव्हा’ आणि ‘फेरी कधी येईल’, दोन्हीकडे ‘येईल’च; म्हणून मुलं पहिल्यातही ‘विल कम’ लिहून मोकळी होतात.

‘दॅट’चं तेच. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ हे विशेषणवाक्य, ‘द न्यूज दॅट द फेरी इज क्लोज्ड’ हे नामवाक्य. ‘दॅट’च्या जागी ‘विच’ ठेवा: पहिल्यात बसतो, दुसऱ्यात बसत नाही.

जोडशब्द नसतानाही मिश्र वाक्य होतं. ‘द फिश वी बॉट इन म्हापसा वॉज फ्रेश’ यात ‘बॉट’चा कर्ता ‘वी’, ‘वॉज’चा कर्ता ‘फिश’, म्हणजे वाक्यं दोन. मधला ‘दॅट’ फक्त गाळलाय. म्हणून आधी काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करायची आणि प्रत्येकाचा कर्ता शोधायचा. ‘टू गो’, ‘गोइंग’ मोजायचे नाहीत. ‘आफ्टर द मास’मध्ये क्रियापदच नाही, तेव्हा ते वाक्यही नव्हे.

राहिला ‘ऑलदो-बट’. ‘ऑलदो’ने एक वाक्य गौण केलं, मग दोन बरोबरीची वाक्यं जोडणाऱ्या ‘बट’ला तिथे कामच उरत नाही. ‘ऑलदो इट रेन्ड, वी वेन्ट’ किंवा ‘इट रेन्ड, बट वी वेन्ट’. दोहोंपैकी एकच लिहा.