लपवा म्हटलं तर एकेकाचं नाव लिहा!

मला फक्त .ऑक्स फायली नजरेआड हव्यात. चंद्र नाही मागितला!

लाटेक्समध्ये, म्हणजे मजकूर पुस्तकासारखा मांडून देणाऱ्या प्रणालीत, अहवाल लिहितोय. ती दर प्रकरणामागे एक .ऑक्स ही मदतनीस फाइल आपोआप बनवते. बारा प्रकरणं, म्हणजे बारा .ऑक्स. वर .लॉग, .टॉक, अशी सगळी पिलावळ. त्या गर्दीत माझी पीडीएफ शोधायची म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर हुडकणं.

लिनक्सवर फायली दाखवणाऱ्या नॉटिलसला त्या लपवता येत नाहीत का? येतं की! नावाआधी टिंब लावा. अहो, नाव बदललं तर लाटेक्सला ती फाइल सापडणार कशी? बरं, मग फोल्डरात '.हिडन' नावाची फाइल करा, एका ओळीवर एक नाव. केली. वाण्याच्या यादीसारखी बारा नावं, हाताने. 'चांदणी टिंब ऑक्स' एवढं लिहून भागवावं, तर वाइल्डकार्ड (चांदणी म्हणजे 'कुठलंही नाव') चालत नाही! तेरावं प्रकरण आलं, यादी उघडा. शेजारचं फोल्डर? त्याची यादी वेगळी.

आणि चुकून लपलेलं दाखवणारं कंट्रोल-एच दाबलं की .कॅश, .कॉन्फिग, .बॅशआरसी, सगळं टिंबवालं खानदान अंगणात. एक तर सगळे आत, नाहीतर सगळे बाहेर. मधलं काही नाहीच?

गंमत म्हणजे ही टिंबाची रीत कुणी विचार करून ठरवलेलीच नाही. युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिलंय: फोल्डरातली यादी दाखवणाऱ्या युनिक्सच्या 'एलएस' आदेशाला '.' (हेच फोल्डर) आणि '..' (वरचं फोल्डर) एवढ्या दोनच नोंदी वगळायच्या होत्या. कुणीतरी पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासून हात झटकले. त्याचा एका ओळीचा आळस आणि मी इथे चौदाव्या प्रकरणाचं नाव टंकतोय.