ताडीवाला रोडचा स्टॅन

एका लेखात म्हटलंय की पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन 'बिग बॉस'मुळे मोठा झाला. नाही पटलं. 'बिग बॉस'ची ट्रॉफी मिळाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. 'तडीपार' अल्बम २०२० चा, आणि 'वाता' हे गाणं तर त्याच्याही आधीपासून पोरांच्या मोबाइलवर वाजत होतं.

तेव्हा मी रोज पुणे स्टेशनवर उतरून ताडीवाला रोडने जायचो. कट्ट्यावर चार पोरं, मोबाइल एकच, आवाज वाढावा म्हणून तो स्टीलच्या पेल्यात उभा केलेला. ओळन् ओळ तोंडपाठ! शाळेतली कविता पाठ होत नाही म्हणून बोलणी खाणारी हीच मंडळी असणार.

त्याची हिंदी पुस्तकातली नाही, पुण्याच्या वस्तीतली आहे. त्याच्या तोंडच्या 'शेमडी'चा अर्थ बाहेरचे शोधत बसले. शेंबडं पोर म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. शिव्या फार घालतो, मान्य. आई घरात असली की मीही हेडफोन लावतो.

बाकी 'बिग बॉस'च्या फायनलला माझं मत त्याच्यासमोरच्या शिव ठाकरेला होतं. शिव अमरावतीचा, आणि अमरावती म्हणजे आमची सासुरवाडी हो, इलाज नव्हता!