‘ओझं गाडी वाहते, तुम्ही नाही’? मग पुढचं चाक हलकं का होतं?

बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज एव्हाना तुमच्यापर्यंतही पोचला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हलकं कॅम्पिंगचं सामान हे पाठीवर सॅक घेऊन हिंडणाऱ्या ट्रेकरांचे चोचले. आपलं ओझं इंजिन ओढतं. तेव्हा चार जणांचा ऐसपैस तंबू घ्या, त्यावर ५००० मिमी वॉटरप्रूफ लिहिलंय ना बघा, ‘उणे १०’वाली स्लीपिंग बॅग असली की खाली काही अंथरायची गरज नाही, गॅसची शेगडी कुठलीही चालते, आणि सगळं मागे बंजीने, म्हणजे टोकाला हूक असलेल्या लवचिक दोरीने, आवळून निघा. वर शेवटी पिंक: हलकं म्हणजे महाग, कंपन्यांनी लावलेला चुना.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीचं खपून जातं. टूथब्रशची दांडी कापून ग्रॅम वाचवायची बाइकवर गरज नाही, कबूल. पण बाइकवर वजन किती याच्याइतकंच ते कुठे बसलंय आणि जागा किती अडवतंय हे बघावं लागतं. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

इंजिनापासूनच सुरुवात करू. ओढायचं काम इंजिन करतं, पण थांबवायचं काम ब्रेक करतात आणि तोल तुम्ही सांभाळता. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जास्तीत जास्त भाराचा आकडा दिलेला असतो. १०० सीसीच्या नेहमीच्या गाड्यांत तो १३० किलोच्या आसपास असतो आणि त्यात चालवणारा, मागे बसणारा, हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं धरलेलं असतं. ७५ आणि ५५ किलोची दोन माणसं बसली की तंबूची पिशवी चढायच्या आधीच हिशेब संपला. मोठ्या गाड्यांना सवलत जास्त, पण अमर्याद नाही.

आता जागेचं बघा. दोन चाकांमधलं अंतर साधारण १४०० मिमी धरा. २० किलोचं गाठोडं मागच्या एक्सलच्याही (चाकाच्या आसाच्याही) ३०० मिमी मागे, कॅरिअरवर ठेवलं, तर मागच्या चाकावर २० नव्हे, सव्वाचोवीस किलो येतात आणि पुढच्या चाकावरून सव्वाचार किलो उचलले जातात. तेच गाठोडं सीटवर, एक्सलच्या २०० मिमी पुढे ठेवलं, तर पुढच्या चाकावर उलट तीनेक किलो वाढतात. शाळेतली तरफ, दुसरं काही नाही. घाटात चढावर हँडल पोकळ लागतं, वेगात मागून डुलल्यासारखं होतं, त्याचं एक मोठं कारण हे. टायरला दोष देण्याआधी कॅरिअरकडे बघावं. जड वस्तू, म्हणजे पाणी, हत्यारं, शेगडी, सॅडल बॅगेत, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, खाली आणि पुढच्या अंगाला. मागे टोकाला स्लीपिंग बॅगेसारखं फुसकं सामान. सामान मुळात कमी असेल तरच असं लावायला जागा मिळते.

लडाखला निघालात तर मागे पेट्रोलचा डबाही लागतो. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी किती जणांच्या फोटोंत आहे ते बघा. दहा लिटर जादा पेट्रोल म्हणजे साडेसात किलोच्या घरात, आणि ते घरी ठेवून चालत नाही. पाणी लिटरला किलो. जे कमी करता येत नाही त्याला जागा द्यायची, तर जे कमी करता येतं ते कमी करावंच लागतं.

चार जणांच्या तंबूत वजनापेक्षाही लांबीची अडचण मोठी. स्वस्तातल्या मोठ्या तंबूंचे फायबरचे दांडे घडी केल्यावरही बरेचदा ६० सेंटिमीटरच्या आसपास राहतात. ते सॅडल बॅगेत मावत नाहीत, म्हणून आडवे मागे बांधले जातात, आणि अरुंद पुलावर समोरून ट्रक आला की दोन्ही बाजूंना किती बाहेर आलेत ते कळतं. दुकानात तंबूचं वजन विचारतात सगळे, घडीची लांबी विचारणारा क्वचितच. ती ४५ सेंटिमीटरच्या आत असेल तर बघा.

एकट्याने फिरणाऱ्याला दोघांचा तंबू योग्य. इथे मी ट्रेकरांच्याही विरोधात आहे. त्यांचा एकट्याचा, शवपेटीच्या मापाचा तंबू बाइकवाल्याच्या कामाचा नाही, कारण हेल्मेट, जॅकेट, बूट, टँक बॅग हे सगळं रात्री आत घ्यावं लागतं. आणि तंबू खुंट्यांशिवाय स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा हवा. आपण गाडी लावतो तिथे खाली बहुधा मुरूम किंवा कातळ असतो, खुंटी दोन बोटंही आत जात नाही.

५००० मिमीचं फार मनावर घेऊ नका. कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं त्याचा तो आकडा. सह्याद्रीतल्या पावसात तंबू आतून ओला होतो तो कापडातून नव्हे, शिवणीतून, नाहीतर आपल्याच श्वासाच्या वाफेने. एकच थर असलेल्या तंबूचं छत सकाळी बोटाने पुसून बघा. आत जाळी, बाहेर फ्लाय (वरून घालायचं पावसाचं कापड) आणि मध्ये वारा खेळायला फट, हे त्या आकड्यापेक्षा मोलाचं. आणि ओला तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलात तर पुढच्या मोसमात आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटतात, मग आकडा ५००० असो की १५०००.

सगळ्यात घातक मुद्दा स्लीपिंग बॅगेचा. ‘उणे १०’ म्हणजे नेमकं काय? आयएसओ २३५३७ या मानकानुसार बॅगेला वेगवेगळी तापमानं दिली जातात: एकात बेताची थंडी सोसणारी व्यक्ती आरामात झोपते, दुसऱ्यात जरा काटक माणूस अंग आखडून रात्र काढतो, तिसऱ्यात माणूस कसाबसा जगतो, तेही अंग गारठून धोक्यात येण्याची शक्यता धरून. स्वस्त बॅगेवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा यातला कुठला, हे लिहिलेलंच नसतं. तिसरा असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. खरी गंमत पुढे आहे. ही चाचणी तापवलेल्या पुतळ्यावर होते आणि त्या पुतळ्याच्या खाली मॅट असते. म्हणजे ‘बॅग आहे, मॅट कशाला’ म्हणणारा माणूस ज्या आकड्याच्या जिवावर बोलतोय, तो आकडाच मॅट गृहीत धरून आलेला आहे!

कारण साधं आहे. ऊब धरते ती बॅगेच्या फुगीरपणात अडकलेली हवा. पाठीखाली तो फुगीरपणा चेपला जातो, हवा निघून जाते, आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला, सुमारे ४२९० मीटरवर, ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, जितका जास्त तितकी थंडी अडते. घडीच्या साध्या फोम मॅटचा तो दीड-दोन असतो, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. कोकणात आणि देशावर ती पुरते. लडाख-स्पितीत तिच्यावर दुसरी, आतून अस्तर असलेली हवेची मॅट घाला, आकड्यांची बेरीज होते. नुसती हवा भरायची, अस्तर नसलेली गादी थंडीत काही कामाची नाही, मऊ कितीही लागो. आणि मार्चनंतर गुहागर-वेळासच्या बाजूला जाताय तर स्लीपिंग बॅग घरीच ठेवा. चादर आणि तंबूची जाळी बस झाली.

शेगडी. लांबट डब्यातला स्वस्त गॅस बहुतांशी ब्युटेन असतो आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. त्याच्या खाली पारा गेला की डब्यात गॅस असूनही बर्नर नुसता फुसफुसतो. थंडीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचे बुटके डबे लागतात. शिवाय गाडी रेल्वेने दिल्ली-चंडीगडला पाठवून पुढे जाणाऱ्यांना गॅसचे डबे ना रेल्वेत नेता येतात ना विमानात. ते तिथे पोचून शोधावे लागतात. उंचावर लांब मुक्काम असेल तर पेट्रोलवर चालणारी शेगडी बाइकवाल्याला सोयीची, इंधन टाकीतच आहे. फक्त कुठलीही शेगडी तंबूच्या आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि ४३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा तूरडाळीचा नाद सोडा, पोहे-मॅगीवर भागवा.

बंजीबद्दल एकच. तिचा हूक सुटला की चेहऱ्यावर येतो नाहीतर चेनमध्ये जातो. बकलचे सपाट पट्टे घ्या, उरलेली टोकं गाठ मारून आत खोचा, आणि पिशवी सायलेन्सरपासून निदान हातभर लांब आहे ना ते गाडीवर माणूस बसवून, स्प्रिंग दबल्यावर बघा. उभ्या गाडीवर लांब दिसणारी पिशवी खड्ड्यात वितळते.

राहिला चुना. नायलॉनचे तलम तंबू महाग असतात, खरं आहे, पण ते घ्या असं म्हणतंय कोण? दोन किलोंच्या आतबाहेरचा, अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा तंबू बाइकला पुष्कळ झाला. बाकी हलकेपणा फुकटात येतो: दुसरं पातेलं, तिसरी जीन्स, काचेची बरणी, ‘असू दे’ म्हणून घेतलेली कुऱ्हाड काढून टाकली की झालं. पैसे घालायचेच असतील तर तंबूच्या आधी मॅटवर घाला. एवढं करून सॅडल बॅगेत जागा उरली तर घडीची खुर्ची घ्या. किलोभर वजन आहे, काही गरज नाही, आणि मी ती सोडणार नाही.