बाहेरची पोरं आणि घरची ईर्षा

मिशिगनकडून हरून देशाचं विजेतेपद घ्यायचं, की मिशिगनला चोपून बाकी सगळ्यावर पाणी सोडायचं? मी राहतो त्या कोलंबसमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या राजधानीत, गेलं वर्षभर हा वाद मिटलेला नाही आणि या आठवड्यात तर तो पुन्हा पेटलाय. येत्या शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ ला, आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ शेजारच्या मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला जाऊन मिशिगन विद्यापीठाशी खेळणार आहे. ओहायो अकरापैकी अकरा सामने जिंकून देशात पहिल्या क्रमांकावर. मिशिगन नऊ जिंकलेलं, दोन हरलेलं. कागदावर बघितलं तर बोलण्यासारखं काही नाहीच.

पण कागदावर गेल्या वर्षीही काही नव्हतं. मिशिगनचा संघ पहिल्या पंचविसातही नव्हता, सट्टेवाल्यांनी ओहायोला सुमारे वीस गुणांनी वरचढ धरलं होतं आणि सामना आमच्याच मैदानावर होता. निकाल १३–१०, मिशिगन विजयी. सलग चौथ्या वर्षी. वर त्यांच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला आणि दोन्ही विद्यापीठांना लाख-लाख डॉलर दंड झाला. त्यानंतर सातच आठवड्यांनी याच हरलेल्या ओहायोने नोत्र दाम विद्यापीठाला ३४–२३ असं हरवून देशाचं विजेतेपद पटकावलं. पूर्वी नोव्हेंबरात हरलं की हंगाम संपल्यात जमा असायचा. २०२४ पासून बाद फेरीत बारा संघ घेतात, त्यामुळे एक-दोन पराभव पोटात घालून पुढे जाता येतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी पिढीजात ओहायोवाला. त्याची सासुरवाडी मिशिगनची. जानेवारीत विजेतेपद मिळालं तेव्हा मी त्याचं अभिनंदन करायला गेलो. तो म्हणाला, "चषक मिळाला हे खरंय, पण मेव्हण्याला फोन कुठल्या तोंडानं करू?" हे वाक्य माझ्यासारख्या कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे फुटबॉलची लीग जिंकली, पण शेजारच्या पेठेकडून मार खाल्ला, तर त्या चषकाची मिरवणूक कुठल्या गल्लीतून काढणार?

खेळ वेगळा आहे, हे सांगून टाकतो. आपला फुटबॉल पायाचा. हा अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा; दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याकडे. एवढ्यावर सामना बघता येतो.

भांडण मात्र खेळापेक्षा जुनं. १८३५ मध्ये टोलिडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन एकमेकांवर सैन्य घेऊन उभे राहिले होते. पहिला सामना १८९७ चा, मिशिगनने ३४–० असा धुतला. १९१८ पासून हा सामना दरवर्षी होत आला. खंड पडला तो फक्त २०२० मध्ये, कोविडमुळे. १९५० ला बर्फाच्या वादळात खेळले आणि मिशिगनने हल्ल्यात एकदाही दहा यार्ड न ओलांडता सामना ९–३ जिंकला. १९६९ ला प्रशिक्षक बो शेम्बेकलरच्या मिशिगनने पहिल्या क्रमांकाच्या ओहायोला पाडलं, तेही आपल्याच जुन्या गुरूला, ओहायोचा प्रशिक्षक वुडी हेजला. ओहायोत मिशिगनचं नाव तोंडातून काढत नाहीत. 'वरच्या अंगाचा तो संघ' म्हणतात. या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. वैद्यकीय महाविद्यालय असो की संग्रहालय, कुणाची सुटका नाही. परवा एक शोधनिबंध लिहिणारी, चष्मा लावलेली शांत मुलगी शिडीवर चढून नकाशावरच्या एमला फुली मारत होती, आणि खाली उभा सुरक्षारक्षक तिला "डावीकडचा राहिला" म्हणून दाखवत होता.

आता गावाकडच्या वादाकडे येतो. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम तोंडावर आला की माझ्या शाळेतल्या मित्रांत एकच विषय चघळला जातो. पाटाकडील काय, खंडोबा काय, दिलबहार काय, सगळ्या तालमी, म्हणजे पेठापेठांचे फुटबॉल संघ, बाहेरून खेळाडू आणतात; गोव्याचे, बंगालचे, थेट आफ्रिकेतून आलेले. बाहेरचे किती, परदेशी किती, यावर दरवर्षी खल होतो. मित्रांचं म्हणणं ठरलेलं: "पेठेतली पोरं बाकड्यावर आणि भाड्याची पोरं मैदानावर. पैशानं ईर्षा मारली बघ." मग कुणीतरी मला ओढतं: "तिकडं अमेरिकेत बघा, कॉलेजची पोरं कॉलेजसाठी खेळत्यात. शिस्त कशी आसती, सांग जरा ह्यास्नी."

सांगतो. ओहायोचा सगळ्यात मोठा खेळाडू जेरेमाया स्मिथ फ्लोरिडाचा. चेंडू फेकणारा जुलियन सेयिन कॅलिफोर्नियाचा, तोही आधी अलाबामा विद्यापीठात दाखल होऊन मग इथे आलेला. बचावातला केलब डाउन्स जॉर्जियाचा, तोही अलाबामा सोडून आलेला. खेळाडूंना जाहिरातीतून कमावण्याची मुभा जुलै २०२१ मध्ये मिळाली. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं स्वतः खेळाडूंत रक्कम वाटू शकतात, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. प्रशिक्षक रायन डेचा पगार एक कोटी डॉलरच्या वर. गंमत म्हणजे घरचं पोर कुणाकडे असेल तर ते मिशिगनकडे. त्यांचा अठरा वर्षांचा ब्राइस अंडरवुड डेट्रॉईटजवळच्या बेलव्हिलचा. पण तोही आधी लुइझियाना स्टेट विद्यापीठाला शब्द देऊन बसला होता. मिशिगनने त्याला परत वळवला तो कोट्यवधी डॉलरच्या कराराने, असं इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलंय.

म्हणजे भाड्याच्या पोरांचा हिशेब लावला तर कोलंबसमध्ये ईर्षा कधीच मरायला हवी होती. ती मेलेली नाही. म्हणून गावाकडच्या या युक्तिवादाशी माझं जमत नाही. बाहेरचा खेळाडू आला म्हणून पेठेची ईर्षा जात नाही. शाहू स्टेडियमवर आफ्रिकेतून आलेल्या पोराने गोल मारला की गॅलरीत हलगी काही हळू वाजत नाही. उलट त्याला खांद्यावर घेऊन नाचणारे पेठेतलेच असतात.

मग इथे ईर्षा कशावर टिकून आहे? माझ्या मते तारखेवर. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर दोन दिवसांनी, दुपारी बारा. लग्नाची तारीख काढताना लोक हा शनिवार टाळतात. खेळाडू येतात-जातात, प्रशिक्षकांची हकालपट्टी होते, शनिवार हलत नाही. दुसरी गोष्ट बँड. ओहायोचा बँड मैदानावर चालत चालत 'ओहायो' अक्षरं लिहितो आणि शेवटी एक सूझाफोनवाला (अंगाभोवती घेऊन वाजवायचं मोठं पितळी वाद्य) ऐटीत येऊन आयवर टिंब होऊन उभा राहतो. १९३६ पासून चाललंय हे. त्या टिंबाची पाळी चार-पाच वर्षं बँडमध्ये घासलेल्या विद्यार्थ्याला मिळते; क्वचित एखाद्या मान्यवराला तो मान देतात, पण पैसे देऊन बाहेरून माणूस आणत नाहीत. आणि मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला मिळते ती सोन्याची इवलीशी विजार, म्हणजे विजारीच्या आकाराचं लटकन, १९३४ पासूनची चाल. २०२५ च्या या संघातल्या अनेकांकडे विजेतेपदाची अंगठी आहे, विजार नाही. या आठवड्यातली अर्धी बोलणी याच मुद्द्यावर चालली आहेत.

शिस्तीचं म्हणाल तर २००२ मध्ये मिशिगनला हरवल्यावर, हरल्यावर नव्हे, विद्यापीठाशेजारच्या वस्तीत गाड्या उलटवून जाळल्या होत्या. गेल्या वर्षीचं मी वर सांगितलंच. तेव्हा अमेरिकेचं नाव घेऊन आपल्या पोरांना उपदेश करू नये. फरक एवढाच की दंगा झाला म्हणून पुढच्या वर्षीचा सामना कुणी धोक्यात आणत नाही. ज्यानं केलं त्याला धरतात, विद्यापीठाकडून दंड घेतात आणि शनिवार आहे तिथंच राहतो. कोल्हापुरात चार टाळकी हाणामारी करतात आणि सामना अर्धवट थांबतो, वेळापत्रक कोलमडतं, शिक्षा मात्र हजारो प्रेक्षकांना. ईर्षेचा जीव जात असेल तर इथे जातो. बाहेरच्या खेळाडूंवर खापर फोडणं सोपं पडतं, कारण ते उलट भांडायला येत नाहीत.

पैशाबाबतीत मात्र मित्रांचं निम्मं म्हणणं मला पटतं. पैसा येण्याला माझी हरकत नाही, तो चोरून येण्याला आहे. इथेही अनेक वर्षं पाकिटं टेबलाखालून जायची आणि सगळे विद्यार्थी-खेळाडूंच्या निर्मळपणाच्या गप्पा मारायचे. आता निदान कोर्टाने मंजूर केलेला आकडा आहे, आणि त्यावर उघड भांडता येतं. तालमीने खेळाडूला किती दिले, कुणी दिले, करार किती महिन्यांचा आणि दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हे कागदावर आलं तर पेठेतल्या पोराचीच बाजू भक्कम होईल. आज त्याला एखाद्या चषकापुरतं गोड बोलून खेळवतात आणि गुडघा गेला की कुणी ओळख देत नाही. हा कागद कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या नोंदणी अर्जाला जोडायला काय अडचण आहे, हे मला कुणी समजावून द्यावं.

इथलं सगळंच उचलून न्यावं असं मात्र मुळीच नाही. ओहायो स्टेडियमवर लाखाच्या वर माणूस बसतं, मिशिगनचं मैदान त्याहून मोठं, १,०७,६०१ आसनांचं. पण या सामन्याचं तिकीट काढायचं तर शेकडो डॉलर मोजावे लागतात. माझ्या ओळखीतली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं या शहरात राहून एकदाही आत गेलेली नाहीत. बाहेर गाडीच्या डिकीत शेगडी मांडून, टीव्ही लावून बसतात. शाहू स्टेडियमवर रिक्षावाला, वकील आणि आठवीतलं पोर एकाच पायरीवर बसून पंचाचा उद्धार करतात. ज्यानं पेनल्टी वाया घालवली तो संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर भेटतो, त्याला जाब विचारता येतो. सेयिनला जाब विचारायला मला कोण जवळ उभं करणार?

आमच्या मराठी मंडळींतही या आठवड्यात फूट पडते. डेट्रॉईटच्या बाजूला, नोव्हाय-ट्रॉय भागात गाड्यांच्या कंपन्यांत असलेले कित्येकजण ॲन आर्बरला शिकलेले. एरवी गणपतीला एका पंगतीत बसणारे आता एकमेकांना २०२३ वरून टोचतात. त्या साली समोरच्याच्या खुणा चोरून टिपल्याचं प्रकरण मिशिगनच्या अंगाशी आलं आणि मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ निलंबित झाला. त्याच्याविनाही मिशिगनने ३०–२४ सामना मारला. ओहायोवाले म्हणतात, चोर. मिशिगनवाले म्हणतात, मग गेल्या वर्षी काय चोरलं ते सांगा. याला ओहायोकडे उत्तर नाही.

माझा अंदाज विचाराल तर यंदा ओहायो. गेल्या वर्षी आम्ही हरलो ते हट्टापायी. मिशिगनच्या फळीत मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन पहाड उभे असताना त्यांच्याच अंगावर चेंडू घेऊन जात राहिलो. ते दोघेही आता व्यावसायिक लीगमध्ये गेले. शिवाय आमचा बचाव यंदा देशात सर्वांत कमी गुण देतोय, आणि अंडरवुड कितीही गुणी असला तरी पहिल्या वर्षाचं पोर आहे. धाकधूक आहे ती स्मिथच्या दुखापतीची आणि रायन डेच्या डोक्याची. मिशिगन समोर आलं की हा शहाणा माणूस बिथरतो. २४–१३ म्हणतो मी. तुमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होईल, जागे असाल तर बघा.