वरचा मजला चढवून राहिले? मग हायकोर्टाले काऊन भिता!

अभिनंदन भाऊ! नकाशा तीन मजल्यांचा मंजूर, तुमच्या चौथ्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला, शेजारचे काका हायकोर्टात गेले आणि ऑर्डर निघाली की मनपाने कायद्याप्रमाणे कारवाई करावी, तर तुम्ही काल रात्रीपासून जेवले नाही म्हणे. काऊन टेन्शन घेऊन राहिले? ऑर्डर नीट वाचा ना. त्यात तुमच्या बिल्डिंगले काहीच करायला सांगितलं नाही, जे सांगितलं ते ऑफिसले सांगितलं, आणि ऑफिसले सांगून काय होते हे तर तुमच्या वॉर्डातल्या गटारालेही माहीत आहे.

आता एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस येईल. ती भिंतीवर चिकटवतील, फोटो काढतील, जातील. नोटीस फाडू नका, फ्रेम करा. त्याच कलमात सोय आहे की तुम्ही बांधकाम कायम ठेवायच्या परवानगीचा अर्ज टाकला की त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस लटकून राहते. मग टाका अर्ज, सोबत एक कागद मुद्दाम कमी जोडा, त्यांना त्रुटी काढायला तेवढंच काम. तोपर्यंत प्लास्टर करून घ्या, टाइल्स लावा, जमलं तर भाडेकरू आणून बसवा, शक्यतो एखादी म्हातारी असलेलं कुटुंब पाहा, कारण राहतं घर पावसाळ्यात सहसा पाडत नाहीत आणि उरलेल्या महिन्यांत पोलिसांचा बंदोबस्त मिळत नाही. हिवाळ्यात तर तो नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनालेच पुरत नाही. राहिलेलं काम शनिवार-रविवारी. स्लॅब नेहमी सुट्टीच्या दिवशीच पडतो, हे तुम्हाले मी काय सांगू!

कोर्टाने फारच डोळे वटारले तर एक दिवस पथक येईल, जेसीबी, दोन गाड्या, ब्रेकर घेऊन पोरं. घाबरायचं नाही. ते वरच्या स्लॅबले चार भोकं पाडतील, बाल्कनीचं रेलिंग वाकवतील, पंचनामा करतील आणि भोकातून आभाळ दिसेल असा फोटो काढतील. तो फोटो शपथपत्राले लागतो, खाली लिहितात ‘कारवाई सुरू आहे’. ते खोटंही नाही. भोकं बुजवायची घाई करू नका, एकातून ड्रेनेजचा पाइप जातो, एकातून टाकीचा.

मग काका अवमान याचिका करतील. करू द्या. 1971 च्या त्या कायद्यात जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद आणि दोन हजार दंड आहे, आणि तोही तुम्हाले नाही, मनपाच्या साहेबाले. साहेबाची तोवर बदली. नवे साहेब हात जोडून सांगतात की मी आत्ताच चार्ज घेतला, चार आठवडे द्या. आणि वर्ष उलटलं की अवमानाची मुदतच संपते, ती मात्र कोणी वाढवून देत नाही.

कोणी वकील बुलडोझरवाला निकाल दाखवेल, सुप्रीम कोर्टाचा, 13 नोव्हेंबर 2024 चा, की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडता येत नाही. तो पाठ करा. फक्त त्याच निकालात लिहिलंय की जिथं कोर्टानेच पाडायला सांगितलं तिथं हे लागू नाही, ते वाक्य आलं की पान उलटवा. त्याच्या पुढच्याच महिन्यात कोर्ट असंही म्हणालं की कितीही वर्षं गेली, कितीही पैसा ओतला तरी अवैध ते अवैध, आणि पूर्णत्वाचा दाखला नसेल तर वीज-पाणीही नाही. तुमचं मीटर तर कधीचं फिरून राहिलं.

अन् मनाले लागत असेल तर अवैध बांधकामाचा दंडाचा टॅक्स भरा. शास्ती म्हणतात तिले. ती भरल्याने बांधकाम वैध होत नाही असं कायदाच सांगतो, पण पावती छान असते, जपून ठेवा. गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांवरची बांधकामं नियमित करायचा गुंठेवारी कायदा 2001 चा, त्यातली तारीख 2021 मध्ये सरकवून 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली, म्हणजे तारखेलेही पाय असतात. उद्या पुन्हा सरकली तर तुमच्याकडे जुना कागद पाहिजे.

तरी कोणी तत्त्वज्ञान शिकवलं, की नाल्यावर, नदीच्या काठावर बांधू नये, 23 सप्टेंबर 2023 ले नागपूर बुडालं होतं, तर त्याले तिथल्याच अंबाझरी तलावाच्या सांडव्यासमोर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडते तिथं, नेऊन उभं करा. तिथं विवेकानंदांचा पुतळा कोणी उभारला, हे विचारायला खुद्द हायकोर्टाले वेळ द्यावा लागला. तुम्ही तर फक्त एक मजला चढवला बाप्पा.

राहता राहिले काका. त्यांच्याशी भांडू नका, दिवाळीत चिवडा पाठवा. फक्त एक दिवस टेप घेऊन जा आणि त्यांच्या कंपाउंडची भिंत मोजा, सहा इंच तरी बाहेर निघेलच, तुळशीचा ओटा तर नक्कीच. त्याच अतिक्रमण विभागात साध्या कागदावर अर्ज टाका. तिथं ना शपथपत्र लागते ना बंदोबस्त, आठ दिवसांत जेसीबी दारात. सकाळीच येतात, पोरांले तर्री-पोहे सांगून ठेवा.