बेस्ट-ऑफ पुरत नाही
जर्मन रॉक बँड स्कॉर्पियन्स ऐकायला १९८९चा 'बेस्ट ऑफ रॉकर्स अँड बॅलड्स' हा निवडक गाण्यांचा संग्रह घ्या, हा एका लेखातला सल्ला अर्धाच पटला. त्यात 'लव्हड्राइव्ह' या अल्बमपासूनचीच (१९७९) गाणी आहेत. त्याआधीचा बहुतेक काळ बँड आरसीए या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे होता, म्हणून तेव्हाचा गिटारवादक उली जॉन रॉथ याची गिटार त्यात औषधालाही नाही! ती ऐकायची तर 'इन ट्रान्स' (१९७५) घ्या, नाहीतर थेट १९७८चा 'टोकियो टेप्स'. त्या लाइव्ह अल्बममध्ये बँडचा गायक क्लाऊस माइने 'कोजो नो त्सुकी' हे जपानी गाणं चक्क जपानीत म्हणतो आणि प्रेक्षकही साथ देतात. रॉथचा बँडसोबतचा हा शेवटचा अल्बम. २०११चा 'कमब्लॅक' मात्र खुशाल वगळा. जुनीच गाणी नव्याने रेकॉर्ड केलीत, आवाज चकचकीत, पण धार गेली. आणि बँडचं 'विंड ऑफ चेंज' हे गाणं १९९०चं, त्यामुळे तेही १९८९च्या त्या संग्रहात नाही.