खासगी हेरिटेज वॉकला येताय? या, या!

पाऊस सरला, दिवाळीचा फराळ संपला, की पुण्यातल्या माणसांना आणि पुण्यात आलेल्या पाहुण्यांना एकाच सुमारास इतिहास आठवतो. जुन्या पेठा पायी बघायच्या, त्याही पन्नास जणांच्या घोळक्यातून नव्हे, फक्त आपल्या माणसांसाठी गाईड ठरवून, अशी सध्या टूम निघाली आहे. निघू दे. माझं घर तिच्यावर चालतं, तेव्हा तक्रारीला जागाच नाही. फक्त परवाच्या रविवारी एका कुटुंबानं असा वॉक कसा करावा याचा जो आदर्श घालून दिला, तो एकट्या माझ्यापाशी ठेवणं बरं दिसत नाही. म्हणून या सूचना. तुम्हीही कधीतरी याल, तेव्हा उपयोगी पडतील.

सुरुवात माणसं मोजण्यापासून. फोनवर 'आम्ही फक्त चौघं' म्हणून सांगा आणि येताना नऊ जण या. मुलं लहान आहेत, त्यांचं काय धरायचं. शेजारचे काका 'सहज' आले आहेत. आत्या आदल्या रात्रीच अकोल्याहून आल्या, त्यांना घरी एकटं कसं ठेवणार? त्या काही ऐकणार नाहीत, नुसत्या बरोबर चालतील. ऐकणाऱ्याला पैसे आणि चालणाऱ्याला फुकट असा दर मी कधी लावला होता, मला आठवत नाही. शिवाय त्या दिवशी नीट ऐकलं ते फक्त आत्यांनीच, पण ते पुढे येईल.

सातची वेळ ठरली असेल, तर सातला अंघोळीला जा. पावणेआठला 'पोचतोच आहोत' असा मेसेज टाका आणि मग पार्किंग शोधायला लागा. रविवारी. शनिवारवाड्यापाशी. असो. मी थोरल्या बाजीरावांच्या पुतळ्याजवळ उभी असते. सकाळी सात ही वेळ मी कुणाची झोप मोडायला ठेवलेली नसते. नऊ वाजले की पेठेतल्या रस्त्यात मी घसा फोडून बोलते आणि तुम्हाला फक्त रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, एवढं साधं कारण आहे.

भेटल्या भेटल्या माझ्याकडे बघून विचारा, "सर कधी येणारेत?"

आता शनिवारवाडा. इथे मला बोलू देऊ नका. तुम्ही सिनेमा पाहिलेला असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर 'दडवलेला इतिहास' वाचलेला असतो. मी आपली नुसती दफ्तरं चाळलेली. परवा दिल्ली दरवाज्यासमोर शेजारच्या काकांनीच कारभार हाती घेतला. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, एवढं मी म्हणेपर्यंत काका थेट नारायणरावांच्या खुनावर पोचले होते. मधली चाळीसेक वर्षं, खुद्द बाजीराव, नानासाहेब, पानिपत, माधवराव, सगळं एका दमात पार. मग आनंदीबाई, 'ध'चा 'मा', गारदी आणि अमावास्येच्या रात्री येणारी 'काका मला वाचवा' ही हाक. ती त्यांच्या साडूंनी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. आता साडूंपुढे मी काय बोलणार? पण तुम्हाला सांगते. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला. तो ज्या दालनांत झाला, ती १८२८ च्या आगीत गेली. आतला सगळा लाकडी वाडा जळाला. राहिली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. म्हणजे भूत असलंच, तर ते जवळजवळ दोनशे वर्षं उघड्यावर राहतंय. पेठेतल्या वाड्याच्या पुनर्विकासात जित्या भाडेकरूला जागा मिळवताना काय काय करावं लागतं, ते तुम्ही जाणताच.

याच खुनाची रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवलं आणि पद सोडून ते पुण्यातून निघून गेले. मला विचाराल तर या वाड्याची सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट ती. तिच्यात भूत नाही, त्यामुळे तिला गिऱ्हाईक नाही.

त्यानंतर भुयाराचं विचारा. सिंहगडापर्यंत जाणाऱ्या. विचाराच.

लाल महालात, शायिस्तेखानाची बोटं नेमकी कुठल्या खिडकीत तुटली ते दाखवा, असा हट्ट धरा. छापा १६६३ चा, ही इमारत महापालिकेनं १९८० च्या दशकात उभी केलेली, असं सांगितलं की चेहरा पाडून म्हणा, "मग आणलंत कशाला?"

कसब्यातल्या तांबट आळीत मात्र मनसोक्त वेळ काढा. तिथे तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालतं. हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून, ओळ न सोडता, भांडंभर. बघत राहावं असं काम आहे आणि हात जरा चुकला तर ते लपवायची सोय नाही. परवा रविवार असूनही एक कारागीर कामाला बसले होते, ऑर्डर पुरी करायची होती म्हणून. अशा वेळी त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरा आणि म्हणा, "दादा, जरा जोरात मारा ना, आवाज येत नाहीये." मग म्हणा, "दादा, आता तेच पुन्हा, पण माझ्याकडे बघून." मग हंड्याची किंमत विचारा, ती ऐकून एकमेकांकडे बघा आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणा, "ऑनलाइन निम्म्यात मिळतो." हो, मिळतो. यंत्रावर ठोकलेला मिळतो. घ्या की तो. दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला त्या आळीत पुढच्या आठवड्यातही जायचं आहे. तुम्हाला नाही.

वाड्याचं दार उघडं दिसलं की आत शिरा. दिंडी दरवाजा, चौक, वर कठडा, म्हणजे तो वारसा असणार आणि वारसा सगळ्यांचा असतो. दोरीवर वाळत घातलेल्या परकरांसकट फोटो घ्या, 'किती ऑथेंटिक' म्हणा. परवा एक आजी ओसरीवर वाटाणे सोलत होत्या. "कोण हवंय?" त्यांनी विचारलं. "कोणी नाही, नुसतं बघतोय," असं उत्तर गेलं. आजी म्हणाल्या, "मी काय शनिवारवाडा आहे?" यावर आपली मंडळी हसली आणि आजींचाही व्हिडिओ घेतला. पुढल्याच गल्लीत एक वाडा होता, त्याच्या मालकांची परवानगी मी आठवडाभर आधी घेऊन ठेवली होती. त्यांनी आम्हाला माडी दाखवायचं कबूल केलं होतं. पण तोवर तुमच्या मुलांना भूक लागली.

बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपाशी थांबू नका. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. "म्हणजे आत्ता बघायला काही नाही ना?" असं विचारा आणि समोर दगडूशेठच्या रांगेत दोन मिनिटांत जाऊन या. रविवारची दोन मिनिटं.

मंडईत पोचलात की भाजी घ्या. ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी जिच्यावरच्या खर्चाला विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव मिळालं. ही गोष्ट सांगायला मला फार आवडते. परवा ती मी एका हातात कोथिंबिरीची पिशवी धरून सांगितली, कारण वहिनींना मटार निवडायला दोन्ही हात मोकळे हवे होते.

त्रिशुंड्या गणपती वाटेत आधी लागतो. इथे तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

सोमवार पेठेतलं हे देऊळ भीमगिरजी गोसावींनी बांधायला घेतलं १७५४ मध्ये आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पुण्यातली बाकीची बहुतेक जुनी देवळं लाकडाची, विटांची, चुन्याची. हे काळ्या दगडात नखशिखांत कोरलेलं. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची. गाभाऱ्यात तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. गणपतीच्या गाभाऱ्यात फारसी! यावरच अर्धा तास बोलता येतं. आणि दर्शनी भिंतीवर एक शिल्प आहे. बंदूकवाला गोरा शिपाई एका गेंड्याला साखळीनं बांधतो आहे. देऊळ कुठलं, तर पुण्यातलं. साल कुठलं, तर इंग्रजांनी प्लासी जिंकली त्याच्या आगेमागचं. गेंडा म्हणजे पूर्वेकडचा मुलूख, बंगाल-आसाम, असा त्याचा अर्थ लावतात. पुण्यावर युनियन जॅक चढला १८१७ मध्ये. त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधी इथल्या एका पाथरवटानं देवळाच्या दारावर ही बातमी कोरून ठेवली होती आणि तिच्याखालून सगळं पुणं रोज ये-जा करत होतं. मी कितीही वेळा तिथे उभी राहिले तरी माझ्या अंगावर काटा येतो.

तिथे काय करायचं? गेंड्याकडे पाठ करून उभं राहायचं. भिंत काळी आहे, साडी उठून दिसते. परवा मी "हा बघा गेंडा" म्हणाले, तर "एक मिनिट हं, मॅडम, तुम्ही फ्रेममध्ये येताय," असं उत्तर आलं. मी बाजूला झाले. मग दुसरा पोज, मग जोडीनं, मग मुलांना घेऊन, मग "आता तुम्हीच काढा ना आमचा सगळ्यांचा." मी काढला. तो निघाला गेंड्याच्या बरोब्बर समोर. त्या फोटोत नऊ डोकी आहेत आणि गेंडा नाही. नाही, चुकले, आठ डोकी. आत्या त्यांच्यात नव्हत्या. त्या भिंतीपाशी जाऊन, चष्मा वर करून बघत होत्या आणि त्यांनी मला विचारलं, "हा गोरा आहे का? मग पेशव्यांच्या राज्यात ह्याला कोणी कसं कोरू दिलं?" इतका नेमका प्रश्न मला कोणीही विचारलेला नाही, प्राध्यापकांनीसुद्धा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून हाक आली, "आत्या, चला! मिसळीला रांग लागते." आणि आत्या गेल्या. जाताना मागे बघत गेल्या.

कसल्या सूचना आणि कसलं काय. डोकं फिरलं माझं तिथे.

पैशांच्या वेळी म्हणालात, चौघांचं ठरलं होतं, चौघांचेच घ्या. पुढे म्हणालात, त्यातही थोडं कमी करा, शेवटी तुमची आवडच आहे ही. आणि मग काका म्हणाले, "नुसतं बोलायचे एवढे? हे सगळं गूगलवर आहे."

नाही. सगळं गूगलवर नाही. गूगलवर तुमच्या साडूंचं भूत आहे. मी मोडी शिकले ती नोकरी सांभाळून, रात्रीच्या वर्गाला जाऊन. एका वाड्याचा मालक कोण, एवढं ठरवायला भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पेशवे दफ्तरात दिवसचे दिवस धुळीत बसले आहे. तुम्हाला तीन मिनिटांत जे सांगते, त्यासाठी आधी दहा ठिकाणी विचारावं लागतं, चुकीचं काय ते गाळावं लागतं. तुमचा सीए वर्षातून एकदा सही करतो, त्याला कधी म्हणालात का, की नुसत्या शाईचे एवढे? गड-किल्ले, पेशवाई, वारसा म्हटलं की तुमचा ऊर भरून येतो, डीपी बदलतो, कोणी वेगळं बोललं तर हातघाईवर येता. आणि तोच इतिहास कोणी अभ्यास करून सांगायला लागलं की तुम्हाला भूक लागते.

तर नीट ऐका. माणसं किती ते खरं सांगा आणि तेवढ्यांचे पैसे द्या, तेही आधी. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही. कोणाच्या घरात विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, तिथे माणसं राहतात. काम करणाऱ्या माणसाच्या तोंडात मोबाइल खुपसायचा नाही, आणि त्याच्या मालाची किंमत त्याच्यासमोर पाडायची नाही. मुलांना कंटाळा आला तर मला सांगा, त्यांच्यासाठी वेगळा रस्ता घेते, तेवढं मला येतं. शंका घ्या, भांडा, माझी चूक काढा, फार आनंद होईल. पण बोलणाऱ्याचं वाक्य आधी पुरं होऊ द्या.

हे जमणार नसेल तर गाईड घेऊ नका. कोणी सक्ती केलेली नाही. चार ठिकाणी फोटो काढा, मिसळ खा, भाजी घ्या, घरी जा. त्यात काही वाईट नाही. फक्त मला बोलावू नका.